ग्राइंडर: अरब पुरुषाने वापरताना काय चालतं, काय फसतं

ग्राइंडर हे जवळपासच्या गे पुरुषांची गाठ घालून देणारं ॲप. त्याचं प्रोफाइल भरायला घेतलं की 'एथ्निसिटी' असा एक रकाना येतो. त्यात 'मिडल ईस्टर्न' हा पर्याय आहे, 'अरब' नाही. एका टिचकीसरशी कैरोचा कॉप्टिक ख्रिश्चन, बसऱ्याचा शिया, तेहरानचा फारसी बोलणारा आणि इस्तंबूलचा तुर्क एकाच खणात जाऊन पडतात. मोरोक्कोच्या माणसाने काय निवडावं हा आणखी वेगळा घोळ, कारण त्याचा कासाब्लांका नकाशावर लंडनच्याही पश्चिमेला आहे. धर्माला रकानाच नाही. लैंगिकतेला मात्र रकान्यांची कमी नाही: 'पोझिशन', 'लुकिंग फॉर', 'मीट ॲट', शिवाय 'ट्राइब' नावाखाली अंगकाठी, वय, राहणी यांवरून पाडलेले गट: बेअर, ट्विंक, जॉक, डॅडी आणि 'डिस्क्रीट', म्हणजे गुप्तता राखणारा.

एका माणसाच्या तीन ओळखी इथे तीन मापांनी मोजल्या जातात. लैंगिक ओळख सुटी करून तपशीलवार मांडली आहे, वांशिक ओळख ढोबळ आहे आणि धार्मिक ओळख नाहीच. पण अरब गे पुरुषाच्या आयुष्यात या तिन्ही एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एक उघडी पडली की तिच्यामागून उरलेल्या दोन बाहेर येतात. त्यामुळे या ॲपचं परीक्षण करताना 'माणसं भेटतात का' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. भेटतात, भरपूर भेटतात. कुठल्या रकान्यातून काय गळतं आणि ते थांबवायची सोय ॲपने दिली आहे की नाही, हे पाहायला हवं.

(नाव ऐकून चटणी वाटायचं यंत्र आठवलं असेल तर तो दोष तुमचा नाही.)

ॲप मार्च २००९ मध्ये आलं. रचना अजून तीच आहे: चौकोनी फोटोंची जाळी, सर्वात जवळचा माणूस सर्वात वर. या एका कल्पनेवर धंदा उभा राहिला आणि अरब देशांतल्या बहुतेक अडचणीही तिच्यातूनच निघाल्या. त्याकडे येऊच, आधी शब्दांबद्दल.

'अबाउट मी'च्या जागेत स्वतःला काय म्हणवून घ्यायचं, इथेच पहिली अडचण. अरबीत सध्याचा सभ्य शब्द 'मिथ्ली', म्हणजे 'सारखेपणाचा'. वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं वापरलेला शब्द 'शाझ', म्हणजे विकृत, वाट सोडलेला. 'लूती' हा धर्मग्रंथातून आलेला, लूत पैगंबराच्या लोकांवरून. कैरोच्या रस्त्यावरची शिवी 'खवल'. अरब कार्यकर्त्यांनी 'मुज्तमा अल-मीम', म्हणजे 'मीम या अक्षराचा समाज' असा तोडगा काढला, कारण मिथ्ली (गे), मिथ्लिया (लेस्बियन), मुझ्दविज (बायसेक्शुअल), मुतहव्विल (ट्रान्स) हे सगळे शब्द 'म'नेच सुरू होतात. पुढे ट्रान्स लोकांसाठीच्या 'आबिर' या शब्दाचं 'ऐन' हे अक्षरही त्याला जोडलं गेलं. प्रोफाइलमध्ये नुसतं 'म' लिहिलं की जाणत्याला कळतं आणि चुकून डोकावणाऱ्याला काही बोध होत नाही. माग्रेबमध्ये (मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया) बरेच जण फ्रेंच वापरतात, आखातात आणि लेबनॉनमध्ये इंग्रजी. भाषा बदलली की वर्गही दिसतो: इंग्रजी प्रोफाइल म्हणजे खासगी शाळेत शिकलेला, परदेशी जाऊन आलेला, असा अंदाज लगेच बांधला जातो. अस्सल अरबी लिपीतल्या प्रोफाइलकडे कैरोत थोड्या संशयाने पाहतात, कारण पोलिसही अरबीतच लिहितात. स्वतःच्या भाषेत स्वतःबद्दल लिहिणंच धोक्याचं वाटावं, ही या ॲपवरची सगळ्यात जुनी बोच आहे.

लाज, धर्म आणि कायदा या तिघांची गल्लत केली की ॲपच्या सेटिंग्जही चुकतात. अरबीतला 'ऐब' मराठीतही आला, पण आपण त्याला 'खोड', 'दोष' इतकंच ठेवलं. तिकडे 'ऐब' म्हणजे चारचौघांत नाक कापलं जाणं. 'हराम' म्हणजे देवाच्या दरबारातला गुन्हा, आणि 'कानून' म्हणजे पोलीस. ऐब घराण्याचा असतो, म्हणून ख्रिश्चन अरबालाही तो तितकाच लागतो. इजिप्तमध्ये २०१७ साली इंद्रधनुषी झेंड्याच्या प्रकरणावरून धरपकड सुरू झाली तेव्हा अल-अझहर हे इस्लामी धर्मपीठ आणि कॉप्टिक चर्च या विषयावर एकाच बाजूला उभे होते. तेव्हा 'मी मुसलमान नाही, मला काय' हा हिशेब चालत नाही. उलट हरामची भीती नसलेला, मनाने कधीच मोकळा झालेला माणूसही ऐबपायी फोटोत चेहरा दाखवत नाही. कोणाला यातल्या कशापासून वाचायचं आहे, त्यावर कुठलं बटण दाबायचं ते ठरतं. देवापासून लपवायला पिन लागत नाही. भावापासून लपवायला लागतो, आणि पोलिसांपुढे तो पिनही पुरत नाही.

'डिस्क्रीट' हा ट्राइब पाश्चात्त्य वापरकर्ता 'कपाटात लपलेला', म्हणजे ओळख दडवणारा, अशा थोड्या तुच्छतेने वाचतो. अरब वापरकर्त्याच्या डोक्यात तिथे 'सत्र' असतं. सत्र म्हणजे झाकणं: स्वतःची चूक आणि दुसऱ्याचीही चव्हाट्यावर न आणणं. धर्मानेच हा गुण मानला आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतो त्याच्या जवळचं काहीतरी, फक्त त्याला पुण्याची जोड आहे. म्हणून 'डिस्क्रीट' लिहिणारा प्रत्येक जण स्वतःचा तिटकारा करतो असं समजू नये. त्यांतले बरेच जण आपल्या धर्मातूनच आपल्यापुरती जागा काढत असतात.

या सवयीशी जुळणारी ॲपमधली एकच सोय म्हणजे खासगी अल्बम. फोटो प्रोफाइलवर न टाकता अल्बममध्ये ठेवायचे, हव्या त्या माणसाला तेवढ्यापुरते उघडायचे, नको वाटलं की परवानगी काढून घ्यायची. कोणाला काय दाखवायचं ते माणसागणिक ठरतं. बाकी सगळं ॲप 'सगळ्यांना दाखव' किंवा 'सगळ्यांपासून लपव' एवढंच जाणतं. आपल्याला विचारलं तर ग्राइंडरचं सर्वात चांगलं अंग हेच. मर्यादा दोन. एकदा पाहिलेला फोटो दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपता येतो. ॲपने बऱ्याच देशांत चॅटचा स्क्रीनशॉट बंद केला आहे, पण दुसरा फोन समोर धरणाऱ्याला कोण अडवणार? आणि अल्बममधला चेहरा व गोंदण एकाच फोटोत असलं की सगळी सावधगिरी वाया. चेहऱ्याचा फोटो वेगळा, अंगाचा वेगळा, आणि मागे खिडकी, शाळेची ढाल, कुराणाची आयत लिहिलेली चौकट, क्रूस यांतलं काहीही नको. घराची भिंत धर्म सांगते, खिडकी मोहल्ला सांगते.

आता अंतर. २०१४ च्या उन्हाळ्यात उघड झालं की ॲप प्रत्येकाचं अंतर इतकं बारीक सांगत होतं की तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून तेच अंतर पाहिलं तर नकाशावर तीन वर्तुळं एकमेकांना जिथे छेदतात तिथे माणूस सापडतो. सर्व्हरला खोटं स्थान कळवता येत असल्याने त्यासाठी जागेवरून उठायचीही गरज नव्हती. इजिप्तमध्ये तेव्हा धरपकड चालू होती. त्यानंतर कंपनीने इजिप्त, रशिया अशा देशांत अंतर दाखवणं बंद केलं. बाकी ठिकाणी ते सेटिंग्जमधून स्वतः बंद करावं लागतं.

पण अंतराचा आकडा बंद झाला म्हणजे माणूस लपला असं नाही. २०१६ मध्ये क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की आकडा लपवला तरी जाळीतला क्रम बोलतो. दोन खोटी खाती स्वतःला हव्या त्या जागी उभी करायची आणि हवा असलेला माणूस क्रमाने त्या दोघांच्या मध्ये येईपर्यंत ती सरकवत राहायची. मधोमध सापडला की एक पट्टा मिळतो; असे काही पट्टे एकमेकांवर ठेवले की ठिकाण. म्हणजे 'जवळचा वर' ही मूळ कल्पनाच गळकी आहे. तिला भोक नाही की बुजवावं, ती चाळणीच आहे. म्हणून उपाय ॲपमध्ये नसून फोनमध्ये आहे: ॲपला 'नेमकं स्थान' न देता 'अंदाजे स्थान' द्यायचं (आयफोन आणि नव्या अँड्रॉइडमध्ये ही परवानगी वेगळी मिळते), आणि घरात किंवा कामाच्या जागी ॲप उघडायचंच नाही. जिथे रोज हजारो माणसं येतात-जातात तिथे उघडायचं, पाहायचं, बंद करायचं. घरी उघडलं की रोज रात्रीचा तोच बिंदू जमत जातो, आणि तो बिंदू म्हणजे पत्ता.

मोरोक्कोत एप्रिल २०२० मध्ये काय घडलं ते यासाठी आठवावं. टाळेबंदी होती, सगळे घरात. तिथल्या एका समाजमाध्यमी व्यक्तीने आपल्या अनुयायांना गे ॲपांवर खोटी खाती काढून आपल्या आसपास कोण आहे ते पाहायला सांगितलं. फोटो फेसबुकवर फिरले, कित्येकांना घराबाहेर काढलं गेलं. त्यात तंत्रज्ञानाची फोडाफोडी कुठेच नव्हती. शेजारच्या खोलीतल्या चुलतभावाने ॲप उतरवून घेणं पुरेसं होतं. कंपन्यांनी धोक्याच्या सूचना पाठवल्या, पण तोवर वरातीमागून घोडं.

अंतरानंतरचा मोठा धोका आवाजाचा, आणि त्याबद्दल ॲप चकार शब्द काढत नाही. व्हॉइस नोट पाठवली की वांशिक आणि धार्मिक ओळख आपसूक गेली. 'काफ' हे एकच अक्षर घ्या. आखातात आणि वरच्या इजिप्तमध्ये त्याचा 'ग' होतो, कैरो आणि बैरूतमध्ये तो गिळला जातो, लेबनॉन-सीरियातले द्रूझ पंथाचे लोक तो घशातून स्वच्छ उच्चारतात. इराकमध्ये 'मी म्हणालो' हे 'गिलित' म्हणणारा बहुधा मुसलमान; 'किल्तु' म्हणणारा मोसुलचा किंवा बगदादच्या जुन्या ख्रिश्चन घरातला. कान तयार असलेल्याला दोन वाक्यांत गाव, पंथ आणि घराणं यांचा अंदाज येतो. ज्या शहरात नाक्यानाक्यावर कोणत्या ना कोणत्या गटाची माणसं उभी असतात तिथे हे गमतीचं नाही. म्हणून ओळख पटेपर्यंत मजकूरच बरा. त्यातही अरबीझी, म्हणजे लॅटिन अक्षरांत आकडे घालून लिहिलेली अरबी, बोलीचा रंग दाखवते: ७ म्हणजे घशातला 'ह', ३ म्हणजे 'ऐन', २ म्हणजे गिळलेला श्वास. ज्या ठिकाणी 'काफ'ऐवजी २ येतो त्यावरून शहर कळतंच. तरीही आवाजापेक्षा कमी.

नंबर देणं ही तिसरी पायरी आणि सर्वात घाईने ओलांडली जाणारी. गप्पा व्हॉट्सॲपवर न्यायच्या म्हणजे फोन नंबर द्यायचा. नंबर ट्रूकॉलरमध्ये टाकला की नाव येतं, तेही इतरांनी त्यांच्या फोनमध्ये साठवलेलं, म्हणजे 'इंजिनिअर अमुक, तमुक घराणं'. आखातात आडनाव म्हणजे कबिला, लेबनॉनमध्ये आडनाव म्हणजे बहुतेक वेळा पंथ. आणि व्हॉट्सॲप आलेला प्रत्येक फोटो मुकाट गॅलरीत टाकतं, तिथून तो घरच्यांबरोबर वाटून घेतलेल्या क्लाउडवर जाऊन बसतो. गप्पा हलवायच्याच असतील तर सिग्नलवर, युजरनेम वापरून आणि नंबर लपवून; मेसेज आपोआप पुसले जाण्याची मुदत दोघांनीही ठेवून.

इजिप्तबद्दल वेगळं सांगावं लागेल. तिथे समलिंगी संबंध असा गुन्हा कायद्यात नावानिशी नाही. वेश्याव्यवसायाविरुद्धचा १९६१ चा १० क्रमांकाचा कायदा वापरतात. त्यात 'फुजूर' म्हणजे दुराचार सवयीने करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आहे. जोडीला दूरसंचार कायदा २००३ चा आणि सायबर गुन्ह्यांचा १७५ क्रमांकाचा कायदा २०१८ चा. 'सवयीने' हा शब्द महत्त्वाचा, कारण सवय सिद्ध करायला फोनमधल्या जुन्या गप्पा लागतात. एका माणसाशी झालेल्या गप्पा म्हणजे एक प्रसंग. दहा जणांशी झालेल्या गप्पा म्हणजे सवय. म्हणून जुनी चॅट साठवून ठेवणं ही तिथे सर्वात महागात पडणारी सवय आहे, हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्या.

पोलिसांचं आमिष ओळखायची खूणही याच कायद्यातून निघते. समोरचा माणूस पैशांचा विषय काढतो: 'किती घेतोस', 'टॅक्सीचे पैसे देतो', 'भेट म्हणून काहीतरी'. उत्तर 'हो' आलं, अगदी थट्टेतही, तर आरोप वेश्याव्यवसायाचा होतो. दुसरी खूण म्हणजे तो तुमच्याकडून लेखी वर्णन काढून घेतो: भूमिका कोणती, आधी किती जणांबरोबर, कधीपासून. एवढी चौकशी प्रेमात पडलेला करत नाही, पंचनामा लिहिणारा करतो. बीबीसीच्या अरबी विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दाखवलेल्या पोलीस नोंदींमध्ये असेच संवाद उतरवलेले होते. ॲप ग्राइंडर नव्हतं, 'हूज हिअर' होतं, पण पद्धत तीच. त्याच वर्षी मार्चमध्ये ग्राइंडरने इजिप्तमधल्या वापरकर्त्यांना अरबी व इंग्रजीत सूचना दाखवली की पोलीस खोट्या खात्यांवरून वावरत आहेत. सूचना बरोबर, पण तोकडी. कुठल्या वाक्याला उत्तर द्यायचं नाही हे तिने सांगायला हवं होतं. पैशांच्या प्रश्नाला उत्तर एकच: न देता ब्लॉक करणं. 'मी तसा नाही' असंही लिहू नये, कारण तेही संवादाचा भाग बनतं.

ॲपच्या सुरक्षेच्या सोयींबद्दल आता पटापट. वेषांतर केलेलं चिन्ह: ॲप कॅल्क्युलेटर, कॅमेरा, नोंदवही असं काहीतरी दिसतं. जिथे संबंधांवर बंदी आहे अशा बऱ्याच देशांत ही सोय मोफत आहे आणि सहज चाळणाऱ्या भावासाठी पुरेशी आहे. पोलीस सेटिंग्जमधली ॲपची यादी उघडतात किंवा स्टोअरमधला डाउनलोडचा इतिहास पाहतात, तिथे चिन्ह बदलून काही होत नाही. आयफोनवर 'फॅमिली शेअरिंग'मध्ये खरेदी वाटून घेतलेली असेल तर मोफत ॲपही घरच्यांच्या यादीत दिसतं. ते तिथून मुद्दाम लपवावं लागतं. नोटिफिकेशन पूर्ण बंद. पिन ठेवा, पण जन्मवर्षाचा नको. पाठवलेला मेसेज मागे घेता येतो, मुदतीचा फोटो पाठवता येतो, दोन्ही उपयोगाचे. 'इन्कॉग्निटो', म्हणजे कोणाच्या जाळीत न दिसता फिरणं, मात्र पैसे भरणाऱ्यांनाच. सर्वात सुरक्षित सोय महागड्या योजनेत ठेवली आहे, आणि पैसे भरले की कार्डाच्या हिशेबात तेच नाव उमटू शकतं. रोगापेक्षा इलाज भारी.

कंपनीच्या हातात दिलेल्या माहितीचा इतिहासही स्वच्छ नाही. वापरकर्त्यांची एचआयव्हीची माहिती बाहेरच्या दोन कंपन्यांपर्यंत जात होती हे एप्रिल २०१८ मध्ये उघड झालं आणि ते थांबवलं गेलं. जाहिरातदारांना माहिती पुरवल्याबद्दल नॉर्वेने डिसेंबर २०२१ मध्ये ६ कोटी ५० लाख क्रोनरचा दंड ठोठावला. एचआयव्हीचा रकाना म्हणून रिकामाच ठेवावा. तपासणीबद्दल प्रत्यक्ष बोलावं. बैरूतमध्ये 'मर्सा' हे केंद्र नाव न विचारता तपासणी करतं, आणि रकान्यापेक्षा ते केव्हाही बरं.

देश बदलला की हिशेब बदलतो. जॉर्डनमध्ये १९५१ पासून संबंध गुन्हा नाहीत, तरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये ॲपच बंद केलं गेलं. ट्युनिशियात १९१३ च्या दंडसंहितेचं २३० वं कलम ३ वर्षांपर्यंत कैद देतं आणि तिथली बळजबरीची गुदतपासणी कुप्रसिद्ध आहे. मोरोक्कोत ४८९ वं कलम, ६ महिने ते ३ वर्षं. लेबनॉनमध्ये ५३४ वं कलम, १ वर्षापर्यंत, पण २००९ पासून काही न्यायाधीशांनी ते समलिंगी संबंधांना लागू होत नाही असे निकाल दिले आहेत. इराकने एप्रिल २०२४ मध्ये १० ते १५ वर्षांची कैद आणली. तिथे या ॲपची शिफारस करणं बेजबाबदारपणाचं होईल. अमिरातीत ॲप बंद आहे आणि व्हीपीएन (इंटरनेटवर आपलं ठिकाण लपवणारी सोय) वापरून गुन्हा केला तर दंड ५ लाख ते २० लाख दिरहम. 'व्हीपीएन लावला की झालं' असं सांगणारे पर्यटक हा आकडा सांगत नाहीत.

पॅलेस्टिनी माणसाचा पेच सर्वात घट्ट. इस्रायली लष्कराच्या ८२०० या गुप्तवार्ता तुकडीतल्या ४३ राखीव सैनिकांनी सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर पत्र लिहून वेस्ट बँकमधल्या पाळतीत भाग घ्यायला नकार दिला. पॅलेस्टिनींची लैंगिकता त्यांना खबरी बनवण्यासाठी वापरली जाते, असं त्यांच्यापैकी काहींनी सांगितलं. त्याची सावली उलट दिशेनेही पडते: गे म्हटलं की 'हा फितूर तर नाही?' ही शंका. याला तिथे 'इस्कात' म्हणतात, पाडणं. म्हणजे ॲपवरचा एक स्क्रीनशॉट दोन्ही बाजूंना विकता येतो. 'अल-कौस' ही पॅलेस्टिनी संस्था २००१ पासून या पेचावर काम करते, २००७ पासून स्वतंत्रपणे. 'बाहेर येणं' हीच मुक्तीची एकमेव मोजपट्टी मानायला ती तयार नाही. ॲपच्या विक्रीची सगळी भाषा नेमकी त्या मोजपट्टीवर उभी आहे. म्हणून रामल्लातल्या वापरकर्त्याला ॲपपेक्षा फोनवर शांतपणे ऐकून घेणारा माणूस अधिक कामाचा.

युरोपात पोचलेल्या अरबाला वाटतं, आता सुटलो. बर्लिनमध्ये पोलीस दारात येत नाहीत हे खरं. पण 'मिडल ईस्टर्न' हाच रकाना आता वेगळं काम करतो: कोणाला दाढीवाला, रांगडा, 'हबीबी' म्हणणारा हवा असतो, तर कोणी 'अरब नकोत' असं सरळ लिहितो. ग्राइंडरने जून २०२० मध्ये वंशानुसार गाळणारी चाळणी काढून टाकली, रकाना मात्र ठेवला. परिणाम असा की गाळणं यंत्राऐवजी माणसं करतात, हाताने. रकाना रिकामा ठेवणं हे तिथलं साधं उत्तर. वांशिक ओळख झाकायला नव्हे, तर ती कोणाला कधी सांगायची ते आपल्या हातात राहावं म्हणून.

तिन्ही ओळखी एकाच खोलीत बसवायच्या असतील तर ॲप बाजूला ठेवावं लागतं. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागातल्या 'एसओ ३६' या क्लबमध्ये १९९७ पासून 'गेहाने' ही नाचाची रात्र होते. तुर्की, अरबी, कुर्दी गाणी, आणि इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिच्या गाण्यांवर घाम गाळायला कोणाला स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. नमाजासाठी बर्लिनमध्ये २०१७ ला इब्न रुश्द-गोएथे मशीद उघडली. त्याआधी पॅरिसमध्ये २०१२ साली अल्जीरियात जन्मलेले इमाम लुदोविक-मोहम्मद झाहेद यांनी सर्वांना सामावणारी छोटी मशीद सुरू केली, तीही एका बौद्ध प्रार्थनागृहात जागा घेऊन. गे, ट्रान्स मुसलमानांची लंडनची 'इमान' ही संस्था १९९९ पासून आहे. या ठिकाणी माणसं कमी आणि अंतर जास्त. ॲपवर माणसं जास्त आणि अंतर २०० मीटर. पण तिथे नमाज झाल्यावर प्रियकराबद्दल बोलता येतं.

रमजानबद्दल ॲपला काहीच ठाऊक नाही. अनेक जण त्या महिन्यात ॲप काढून टाकतात, ईदनंतर परत उतरवतात. हरकत नाही, पण ॲप काढलं म्हणजे प्रोफाइल गेलं असं होत नाही. ते सर्व्हरवर राहतं. थांबायचं असेल तर आधी फोटो आणि मजकूर काढा, मग ॲप काढा. खातं मुळापासून मिटवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन डिलीट करा.

बोलायलाच कोणी हवं असेल, भेटायला नव्हे, तर 'अहवा' या संकेतस्थळाची रचना समजून घेण्यासारखी आहे. बहारीनच्या एस्रा अल शाफेई यांनी उभं केलेलं. चेहऱ्याऐवजी चित्र, नावाऐवजी टोपणनाव. नवा आलेला माणूस आधी सर्वांसमोर बोलतो. इतरांना आधार देणारं लिहिलं की गुण मिळतात, आणि गुण जमल्यावरच खासगी गप्पांचं दार उघडतं. घुसखोराला आत यायला आठवडे चांगलं वागावं लागतं, आणि बहुतेक घुसखोरांना तेवढा धीर नसतो. ग्राइंडरवर नवं खातं पहिल्या मिनिटाला कोणाशीही बोलू शकतं. या एका गोष्टीपायी दोन्हींच्या सुरक्षिततेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि ग्राइंडरने ही गोष्ट उचलावी असं आग्रहाने म्हणावंसं वाटतं.

कायद्याची मदत ॲप देत नाही. बैरूतमध्ये ती 'हेलेम' ही संस्था देते, २००४ पासून. नाव 'लेबनीज संरक्षण' अशा अर्थाच्या अरबी शब्दांच्या आद्याक्षरांचं, कानाला 'स्वप्न'सारखं लागणारं. घरच्यांनी डॉक्टरकडे 'बरा करायला' नेलं तर लेबनॉनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच हा आजार नाही असं जाहीर केलं आहे, हे वाक्य खिशात असू द्यावं. वडिलांना पटेल न पटेल, डॉक्टरला गप्प करायला पुरतं.

आणि एक उलटी बाजू. कैरोत किंवा बगदादमध्ये जे सगळं फोनमधून पुसायचं, तेच युरोपात आश्रय मागताना अधिकारी विचारतो: तुम्ही गे आहात कशावरून? युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं की 'मायदेशी जाऊन लपून राहा' असं अर्जदाराला म्हणता येणार नाही, आणि डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की शरीरसंबंधांचे व्हिडिओ किंवा तसल्या 'चाचण्या' पुरावा म्हणून घेता येणार नाहीत. तरीही सुसंगत हकिगत लागते, आणि तारखा लक्षात राहत नाहीत. म्हणून पुसण्याआधी निवडक गोष्टी बाहेर काढाव्यात: धमकीचे मेसेज, पोलिसांच्या नोटिशीचा फोटो, जोडीदाराबरोबरच्या काळाच्या तारखा. नग्न फोटो नकोत, त्यांचा तिथेही उपयोग नाही. हे सगळं दुसऱ्या देशातल्या एका विश्वासू माणसाकडे पाठवायचं, आपल्या फोनमधून आणि पाठवलेल्यांच्या यादीतून काढायचं, मग खातं डिलीट, मग ॲप. वकिलाचा नंबर कागदावर, विमानतळाला निघण्यापूर्वी पाठ करून.